चर्चची दारं बंद होती तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

२०२० साली ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची महासाथ जाहीर केली. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ नुकता सुरू झाला होता. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आणि ईस्टर १२ एप्रिलला; जगभरातल्या असंख्य चर्चच्या मंडळ्यांनी हे दोन्ही दिवस घरात काढले. ऑनलाइन उपासना कशी घ्यावी यावर तेव्हा भरपूर लिहून झालं. मला वेगळं विचारायचंय. तुमचं नेमकं काय हरवलं, काय टिकलं, आणि दारं उघडल्यावर काय परत आलंच नाही? पंथ कुठलाही असो. विश्वास ढळला असेल तर तेही लिहा. उपदेश मात्र नको, तो आपण रविवारी ऐकतोच.

एक पाळक

उपदेश नको म्हटल्यावर माझी पंचाईतच झाली. तरी लिहितो.

रिकाम्या बाकांसमोर फोन लावून बोलणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. उपदेश करताना मी चेहरे बघत पुढे जातो. कोणाची मान खाली गेली, कोण घड्याळ बघतंय, कोणाचे डोळे भरलेत, त्यावर पुढचं वाक्य ठरतं. म्हणून मी उपदेश निम्म्यावर आणला आणि उरलेला वेळ फोनला दिला. सभासदांची यादी घेऊन रोज काही घरं. रविवारी दारात हात मिळवताना ‘सगळं ठीक, पाळकसाहेब’ म्हणणारी माणसं फोनवर अर्धा अर्धा तास बोलली. गेलेल्या नोकरीबद्दल, दारूबद्दल, घरातल्या अबोल्याबद्दल. काही जण तर आधी रडले आणि मग नाव सांगितलं.

खरा पेच प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतल्या विधीचा होता. घरोघरी भाकर आणि द्राक्षरस घेऊन स्क्रीनसमोर बसूया, असं काहींचं म्हणणं. बाकीच्यांचं म्हणणं, एका भाकरीचे वाटेकरी एकत्र आल्याशिवाय कसे होणार? बायबलमध्ये पौल करिंथच्या मंडळीला ‘एकमेकांची वाट पाहा’ असं सांगतो, तेच शेवटी आम्ही धरून बसलो. आमच्या ओळखीच्या दुसऱ्या मंडळीने घरी घेतलं. त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही.

कॅथलिक, दोन मुलांची आई

पाळकसाहेब, तुम्हाला निदान वाद घालायची सोय होती. मिस्साबलिदान, म्हणजे आमची रविवारची उपासना, टीव्हीवर दिसतं, पण ख्रिस्तशरीर, म्हणजे तिथे मिळणारी पवित्र भाकर, टीव्हीतून हातात येत नाही. उरलं ते ‘आध्यात्मिक कम्युनियन’. आता तुला संस्कारात स्वीकारता येत नाही, निदान माझ्या अंतःकरणात तरी ये, अशा अर्थाची संत आल्फोन्सस लिगोरी यांची प्रार्थना आहे. लहानपणी शिकवलेली होती. ती आजाऱ्यांसाठी असते असा माझा समज होता.

सुरुवातीला सोफ्यावर बसून नुसतं बघायचे. मध्येच फोडणीला उठायचे, परत येऊन बसायचे. मग एका रविवारी शुभवर्तमान वाचताना उभी राहिले. मुलं हसली. पुढच्या रविवारी तीही उभी. गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली, आणि तेव्हा कुठे ते बघणं थांबून प्रार्थना सुरू झाली. भक्ती मनात असते असं सगळे म्हणतात, माझी तर बरीचशी गुडघ्यांत निघाली.

२७ मार्चची ती संध्याकाळ अनेकांना आठवत असेल. पावसात रिकामा सेंट पीटर चौक आणि पोप फ्रान्सिस एकटे. वाचन मार्कच्या शुभवर्तमानातलं, वादळात सापडलेल्या नावेचं. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून फिरवलेला जुना लाकडी क्रूस तिथे आणून ठेवला होता आणि त्यावरून पाणी ओघळत होतं. मला आधी काळजी वाटली ती लाकडाची. रडू नंतर आलं.

गायनवृंदातला बास (चार आवाजांतला सगळ्यात खालचा)

आमचं सगळ्यात आधी बंद झालं आणि सगळ्यात शेवटी सुरू झालं. कारणही होतं. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण हजर होते. त्यातल्या ५३ जणांना लागण झाली किंवा तशी दाट शक्यता धरली गेली, दोघे गेले. गाणं म्हणजे जोरात सोडलेला श्वास, हे त्या बातमीनंतर आमच्या डोक्यातून गेलंच नाही.

ऑनलाइन सरावाचा प्रयत्न केला. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यात चार स्वरांची खिचडी होते. मग सगळ्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी गायचं ठरलं. एकट्या बासला सूर नसतो हो! वरचे तिन्ही आवाज गेले की उरतं ते नुसतं घुमणं. घरच्यांना वाटायचं फ्रिज बिघडला.

एक सभासद

सगळे इतक्या समजुतीने लिहिताहेत, मी जरा कडू लिहितो. बायबलमधलं इब्रीकरांस पत्र, १०:२५. एकत्र मिळणं सोडू नका असं स्पष्ट आहे. दुकानं उघडी आणि देवाचं घर बंद? ज्याने कुष्ठरोग्याला हात लावला त्याचे आपण अनुयायी. आम्ही घाबरलो आणि घाबरण्याला प्रेमाचं नाव दिलं.

इतिहास शिकवणारी

दादा, राग समजतो. पण त्या कुष्ठरोग्याला हात लावून येशूने रोग पुढच्या घरी नेला नाही, आपण तो नेला असता. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर गाव सोडून गेले नाहीत, आजाऱ्यांची सेवा करत राहिले. त्याच सुमारास त्यांनी लिहिलेल्या पत्रात असंही आहे की जिथे माझी गरज नाही तिथे मी जाणार नाही, माझ्यामुळे दुसऱ्याला लागण व्हायला नको. धाडस आणि खबरदारी एकाच माणसाकडे होती.

आणि १५७६ चं मिलान बघा. प्लेगमुळे लोक घरांत कोंडलेले. आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या आणि लोकांनी खिडक्यांतून मिस्साबलिदानात भाग घेतला. आपल्या हातात खिडकीऐवजी फोन होता, इतकंच.

तोच सभासद

खिडकीतून शेजारचा तरी दिसत होता, ताई.

(धागाकर्ती : दोघांचंही पटतंय, म्हणून इथेच थांबवते. अनुभव येऊ द्या.)

नाव नको

माझे वडील त्या काळातच गेले. दफनाला घरची मोजकीच माणसं, अंतर राखून. बाकीच्यांनी फोनवर पाहिलं. चित्र मध्येच थांबलं आणि ‘मातीला माती’ हे शब्द आम्हाला दोनदा ऐकू आले. वडील मंडळीचे खजिनदार होते. ज्यांच्या घरच्या प्रत्येक मयतीला ते गेले, त्यातलं कोणी येऊ शकलं नाही.

लोकांनी मेसेजमध्ये वचनं पाठवली. मी एकही वाचलं नाही. वडिलांचा आवाज कसा होता, हिशेबाची वही कशी टापटीप असायची, असं ज्यांनी लिहिलं ते मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. निर्बंध उठल्यावर स्मरण-उपासना घेऊ असं ठरलं होतं. तोवर लोक सावरले होते. आम्ही नव्हतो. ती झालीच नाही.

आता जात नाही

पाळकांनी यादीप्रमाणे फोन केले हे वाचलं. बरं वाटलं. मी अशाच एका दुसऱ्या मंडळीत मागच्या बाकावर येऊन बसायचो, बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून यादीत नाव नव्हतं. फोन आला नाही. मी वाट पाहिली, मग वाट पाहणं सुटलं. राग नाही. रविवारी सकाळी मी हल्ली चालायला जातो. बायबल वाचतो अधूनमधून.

संडे स्कूलची बाई

लहान मुलांबद्दल थोडक्यात : त्यांना धडा नको होता. प्रत्येकाला आपलं मांजर, आपली खोली आणि पडलेला दात दाखवायचा होता. मी दाखवू दिलं.

खाटेवरून

उशिरा लिहितेय. मणक्याच्या दुखण्याने मी कितीतरी वर्षं घरातच आहे. महिन्यातून एकदा पाळक प्रभुभोजन घेऊन यायचे, तेवढीच माझी मंडळी. मग साथ आली आणि सगळेच माझ्यासारखे घरात बसले. एकदम सगळं फोनवर आलं : उपासना, बुधवारची प्रार्थना, बायबल अभ्यास. मी सगळीकडे होते. प्रार्थनेची यादी माझ्याकडे दिली गेली. लोक मला नावाने ओळखू लागले. तुम्ही ज्या काळाबद्दल हरवलं हरवलं म्हणता, त्या काळात मला मंडळी मिळाली. हे म्हणताना वाईट वाटतं, वर कोणी आपल्या वडिलांबद्दल लिहिलंय ते वाचल्यावर तर जास्तच.

दारं उघडली आणि बुधवारचा ग्रुप गप्प झाला. कोणी मुद्दाम केलं नाही, लिंक पाठवायची आठवण कोणाला राहिली नाही. मी विचारल्यावर रविवारचं प्रक्षेपण परत सुरू झालं. पण कॅमेरा फक्त व्यासपीठ दाखवतो, आणि मला हवी असते ती उपासना सुटल्यावरची दहा मिनिटं. आता एक मुलगी शेवटच्या गीतानंतर फोन उचलून दारापाशी नेते. गोंगाटात कोण काय बोलतंय ते धड कळत नाही. पाळकसाहेब, तुमच्याकडे अजून प्रक्षेपण चालू असेल तर सांगा, गर्दीतलं बोलणं नीट पोचावं म्हणून माइकची काही वेगळी सोय करता येते का?