स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर वजन उतरण्याचा वेग मंदावला आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार.

माझे वय ४६ असून साडेचार महिन्यांपूर्वी माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, झाली. शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली नाही, जखमा वेळेवर भरल्या आणि पहिले तीन महिने वजन ज्या गतीने उतरत होते ती पाहता मी निर्धास्त होते. गेले तीन आठवडे मात्र काटा ८८ किलोवरून हलायला तयार नाही. सकाळी कधी ८७.६ दिसते, कधी ८८.७, पण सरासरी काढली की पुन्हा तेच. हा टप्पा सगळ्यांनाच येतो की माझ्या बाबतीत काही राहून जात आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

माहिती सविस्तर देते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज बांधावा लागणार नाही. उंची १५८ सेंटीमीटर. सर्जनकडे प्रथम गेले तेव्हा वजन १०८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४३च्या थोडा वर होता. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे कमी कॅलरींचा द्रव आहार दिला होता, त्यात ४ किलो उतरले आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या दिवशी १०४ भरले. त्यानंतर पहिल्या महिन्यात ८ किलो, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ३ आणि चौथ्यात जेमतेम १ किलो, असा उतार आहे. टाइप २ मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी पूर्ण बंद केल्या असून साखर त्याशिवाय आटोक्यात आहे. थायरॉइडची गोळी पूर्वीपासून चालू आहे. ती सकाळी उपाशीपोटी घेते, अर्ध्या तासाने न्याहारीबरोबर कॅल्शियम, दुपारी मल्टिव्हिटॅमिन आणि रात्री लोह.

आहारात दिवसाला अंदाजे ९०० कॅलरी आणि ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने जातात, पाणी सव्वा लिटर होते. एका वेळी अर्ध्या वाटीच्या वर जात नाही, आणि तेवढ्यालाही वीस-पंचवीस मिनिटे लागतात. रोज चाळीस मिनिटे चालते. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे, की या तीन आठवड्यांतही कंबरेचा घेर दोन सेंटीमीटरने कमी झाला आहे आणि बोटातून निघत नसलेली अंगठी आता हात धुताना घसरते.

गोंधळ होतो तो इतरांशी तुलना केल्यावर. माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याची हीच शस्त्रक्रिया जवळपास त्याच सुमारास झाली. त्यांचे वजन १४६ किलो होते आणि आतापर्यंत ३१ किलो उतरले आहे, माझे २०. सर्जनना विचारले तर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते. ते खरेही असेल, पण त्याने समाधान होत नाही. शिवाय दवाखान्यातल्या तक्त्यावर वजनाची रेषा अशी सफाईदार उतरत गेलेली दाखवतात की त्यात कोणाचे वजन कधी अडले असेल असे वाटतच नाही. हितचिंतकांचा सल्ला आहे की कॅलरी ६०० वर आणाव्यात, आणि कोणीतरी असेही सांगितले की पहिल्या सहा महिन्यांत जे उतरेल तेवढेच, नंतर काही उतरत नाही. या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली आहे.

तेव्हा माझा वेग अपेक्षित मर्यादेत आहे का, वजन असे मध्येच का थांबते, खाणे आणखी कमी करावे का, सहा महिन्यांच्या मुदतीत तथ्य किती, आणि डॉक्टरांकडे तातडीने जावे अशी लक्षणे कोणती, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

मी बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या, रुग्णांसाठी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुम्ही आकडे नीट दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

आधी तुलनेचा प्रश्न मिटवू. किलोंची तुलना किलोंशी करणे हीच गफलत आहे, कारण जड शरीरातून तेवढ्याच काळात अधिक किलो उतरतात. तुमचे २० किलो म्हणजे मूळ १०८ च्या साडेअठरा टक्के, आणि सहकाऱ्यांचे ३१ किलो म्हणजे १४६ च्या एकवीस टक्क्यांच्या थोडे वर. ११ किलोंची दरी प्रत्यक्षात तीन टक्क्यांच्याही आत येते, आणि पुरुषांमध्ये स्नायूंचे प्रमाण अधिक असल्यामुळे तेवढा फरक अगदी अपेक्षित आहे. दुसरे मोजमाप जादा वजनाचे. तुमच्या उंचीला बीएमआय २५ धरला तर वजन ६२.४ किलो येते, म्हणजे जादा वजन साधारण ४५.६ किलो होते, आणि त्यातले ४४ टक्के तुम्ही उतरवले आहे. स्लीव्हनंतर वर्ष ते दीड वर्षात मूळ वजनाच्या २५ ते ३० टक्के, किंवा जादा वजनाच्या ५० ते ७० टक्के घट ही सर्वसाधारण अपेक्षा असते. त्या हिशेबाने साडेचार महिन्यांत तुम्ही मागे पडलेल्या नाहीत. मधुमेह आणि चाळिशीपुढचे वय या दोन्ही गोष्टी वेग थोडा कमी करतात, हे धरले तर चित्र चांगलेच आहे.

आता वजन का थांबते ते पाहू. पहिल्या महिन्यातले ८ किलो निव्वळ चरबीचे नव्हते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आधी संपते आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवत असल्यामुळे ते संपताना पाणीही बाहेर पडते. म्हणून सुरुवातीचा वेग डोळे दिपवणारा दिसतो आणि पुढे त्याच्याशी तुलना केली की प्रत्येक महिना निराशाजनक वाटतो. नंतर उलटेही घडते. चरबी उतरत राहते, पण मिठाचे प्रमाण, बद्धकोष्ठता, पाळीचे चक्र किंवा नव्याने सुरू केलेला व्यायाम यांमुळे पाणी साठते आणि काटा जागच्या जागी राहतो. कंबरेचा घेर कमी होत असताना वजन तेच राहणे हे बहुधा याचेच लक्षण आहे. याशिवाय एक कायमचे कारण आहे: ८८ किलोंच्या शरीराला १०८ किलोंच्या शरीराइतकी ऊर्जा लागत नाही, आणि वजन घटत असताना शरीर आपला विश्रांतीचा खर्च, म्हणजे स्वस्थ असताना लागणारी ऊर्जा, अपेक्षेपेक्षाही थोडा अधिक कमी करते. त्यामुळे तेवढेच खाऊनही तूट दर महिन्याला लहान होत जाते.

म्हणूनच ६०० कॅलरींचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो, आणि त्यात जठराचा वरचा फुगीर भाग जातो, जिथे घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होते. त्यामुळे सध्या तुम्हाला ६०० कॅलरींवर राहणे अवघड जाणारच नाही. भूक तक्रार करत नाही, आणि शरीर मात्र स्नायू मोडून काम भागवते. स्नायू गेले की विश्रांतीचा खर्च आणखी घटतो. तुमच्या आहारात कमी करण्यासारखे काही दिसत नाही. वाढवण्यासारखे आहे ते प्रथिनांचे प्रमाण. ५० ग्रॅम कमी आहेत, साधारणपणे ६० ते ८० ग्रॅमचे उद्दिष्ट ठेवतात. घास घेताना आधी प्रथिने, मग भाजी, आणि पोटात जागा उरली तरच धान्य, हा क्रम पाळा. पाणी दीड लिटरपर्यंत न्या, मात्र जेवताना आणि जेवणानंतरचा अर्धा तास पिऊ नका.

तुमच्या लिखाणात मला खटकलेली एकच गोष्ट म्हणजे गोळ्यांची वेळ. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉइडच्या गोळीचे शोषण कमी करतात, त्यामुळे त्यांत चार तासांचे अंतर हवे. अर्धा तास पुरत नाही. कॅल्शियम आणि लोह यांच्यातही दोन तास सोडावेत. दुपारच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ही खनिजे असतातच, म्हणून तेही सकाळच्या जवळ आणू नका. वजन घटल्यावर थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलावी लागू शकते, तेव्हा टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या आणि मात्रेचा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

सहा महिन्यांच्या मुदतीत अर्धेच तथ्य आहे. सर्वांत वेगाने उतरणारा काळ पहिल्या सहा महिन्यांचा असतो हे खरे, पण वजन साधारण १२ ते १८ महिन्यांपर्यंत उतरत राहते, फक्त संथपणे. माझ्या दृष्टीने वेगापेक्षा टिकण्याचा प्रश्न मोठा आहे. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या ‘स्लीव्हपास’ या तुलनात्मक चाचणीत स्लीव्ह झालेल्यांची जादा वजनातली घट पाच वर्षांनी सुमारे ४९ टक्के आणि दहा वर्षांनी सुमारे ४४ टक्के होती. बायपास, म्हणजे जठर लहान करून अन्नाचा मार्ग थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया, झालेल्यांची थोडी अधिक. म्हणजे त्या गटाला दहा वर्षांनी जिथे समाधान मानावे लागले तिथे तुम्ही आजच आहात, आणि अजून उतरण्याचा बराच काळ हाताशी आहे.

काटा आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी पाहा.

प्रतिसाद २

वरचे उत्तर पटले, पण आठवड्यातून एकदा वजन करण्याबाबत माझे मत वेगळे आहे. माझ्या पतींची ही शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षे उलटली. आठवड्यातला एकच आकडा नेमका पाणी साठलेल्या दिवशी पडला की पुढचे सात दिवस मन खट्टू राहते. रोज वजन करून सात दिवसांची सरासरी काढली तर असे चढउतार विरून जातात आणि खरा कल दिसतो. अर्थात, रोजचा आकडा पाहून ज्यांना जेवण नकोसे होते त्यांनी हे करू नये.

आणखी एक सांगावेसे वाटते. वजन थांबले की ‘शरीर जुळवून घेत आहे’ हे उत्तर प्रत्येक वेळी लागू पडत नाही. साधारण सहाव्या महिन्यानंतर भूक थोडी परत येते आणि एका वेळी मावणारे खाणेही वाढते. गोड पेये, आइस्क्रीम, बिस्किटे, चिप्स असे पटकन विरघळणारे पदार्थ स्लीव्हमध्ये अडत नाहीत. पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच बऱ्याच कॅलरी जातात. तुमच्या बाबतीत आज तसे काही दिसत नाही, पण वजन पुढेही अडून राहिले तर चार दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहून पाहण्यासारखी आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. टक्केवारीचा हिशेब मी स्वतः पुन्हा करून पाहिला आणि बरेच हायसे वाटले. कॅल्शियम आता दुपारच्या जेवणानंतर आणि मल्टिव्हिटॅमिन संध्याकाळी घेते आहे. सर्जनच्या सहायक डॉक्टरांनी टीएसएचबरोबर बी१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) या तपासण्याही लिहून दिल्या आहेत.

दोन गोष्टी राहिल्या. वजने उचलण्याचा व्यायाम आता सुरू करता येईल का? आणि गेल्या महिन्यापासून केस मूठभर गळत आहेत. प्रथिने कमी पडत असल्याचा हा परिणाम आहे का? तातडीच्या लक्षणांबद्दलही कृपया लिहावे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्या आहारतज्ज्ञ

वजने उचलायला साडेचार महिन्यांनंतर बहुतेकांना परवानगी मिळते, तरी टाके घातलेल्या जागी हर्निया नसल्याची खात्री सर्जनकडून करून घ्या आणि हलक्या वजनांपासून आठवड्यातून दोन-तीन दिवस सुरुवात करा. नुसत्या चालण्याने स्नायू राखले जात नाहीत. पहिले काही आठवडे काटा कदाचित किंचित वरही जाईल, कारण ताण पडलेले स्नायू पाणी धरतात. घाबरून व्यायाम सोडू नका.

केस गळणे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात फार जणांना होते. शस्त्रक्रियेचा आणि झपाट्याने घटलेल्या वजनाचा धक्का बसल्यावर एकाच वेळी अनेक केस विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी गळतात, मुळे मात्र शाबूत असतात. प्रथिने, लोह किंवा जस्त कमी पडत असेल तर गळती अधिक होते आणि लांबते, म्हणून फेरिटिनचा अहवाल येऊ द्या. केवळ केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे त्यामुळे चुकतात.

तातडीचे म्हणाल तर वजन न उतरणे त्यात मोडत नाही. वारंवार उलट्या होऊन पाणीही टिकत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, कारण अशा वेळी थायमिन म्हणजे बी१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होते आणि मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणे, दृष्टी दुहेरी होणे, पायांना मुंग्या येणे हीसुद्धा त्याचीच लक्षणे असू शकतात. जेवणानंतर बरगड्यांखाली उजव्या बाजूला तीव्र कळ येत असेल तर पित्ताशयात खडे झाले आहेत का ते पाहावे लागते. झपाट्याने वजन उतरणाऱ्यांमध्ये ते अधिक होतात, आणि म्हणूनच अनेक ठिकाणी पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिडची गोळी देतात. तुमच्या गोळ्यांच्या यादीत ती दिसली नाही, तेव्हा पुढच्या भेटीत तिच्याबद्दल विचारा. टीएसएचच्या अहवालामुळे थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलली गेली, तर साधारण सहा आठवड्यांनी ती तपासणी पुन्हा करावी लागेल.