सालु-सालो: पंगत म्हणावं, अंगतपंगत की आणखी काही?

मूळ प्रश्न (लोस बान्योस, फिलिपिन्स)

एका शब्दावर अडले आहे, मदत हवी. आम्ही लागुना प्रांतात लोस बान्योसला राहतो. १९६० साली निघालेली आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्था इथेच आहे, आयआर-८ हा १९६६ चा वाणही इथलाच. सासू-सासरे साताऱ्याहून पहिल्यांदाच आले आहेत. येत्या रविवारी सकाळी आम्ही आणि शेजारचं फिलिपिनो कुटुंब मिळून वीसेक जणांना इथल्या पद्धतीची न्याहारी देणार आहोत. अंगणात लांब मेज, त्यावर केळीची पानं, मधोमध लसणीच्या परतलेल्या भाताची, म्हणजे 'सिनांगाग'ची, रास आणि सगळ्यांनी हातानं जेवायचं. हातानं जेवण्याच्या या पद्धतीला इथल्या तागालोग भाषेत 'कामायान' म्हणतात, 'कामाय' म्हणजे हात.

शेजारीणबाईंनी त्यांच्या निमंत्रणात 'सालु-सालो' लिहिलं. यातलं मूळ 'सालो', म्हणजे कुणाच्या जेवणात सामील होणं, एका ताटात जेवणं. त्याची द्विरुक्ती केली की मेजवानी. जो सोबत जेवतो तो 'कासालो'. 'का-' हा इथला सोबतीचा उपसर्ग आहे. 'इबिग' म्हणजे माया आणि 'काइबिगान' म्हणजे मित्र. शब्द इतका जवळचा वाटतो की 'मेजवानी' लिहून मोकळं व्हावंसं वाटत नाही.

इथल्या चार मराठी घरांना मला मराठीतच निमंत्रण पाठवायचं आहे. मनात 'पंगत' आणि 'अंगतपंगत' हे दोन शब्द आहेत. काय लिहू?

पुण्याहून

ताई, अंगतपंगत लिहू नका. प्रत्येकानं आपापला डबा आणायचा, एकत्र बसायचं आणि एकमेकांच्या डब्यातलं खायचं, ही अंगतपंगत. शाळेत मधल्या सुट्टीत करायचो ती. तुमची चारही घरं रविवारी थालीपीठ घेऊन हजर होतील!

'पंगत'ही अर्थानं बरीच दूर आहे. पंक्ती म्हणजे रांग. प्रत्येकाचं पान वेगळं, वाढपी वेगळे, पान पूर्ण वाढून झाल्याशिवाय कुणी घास घेत नाही. तुमच्याकडे पान एकच आणि वाढपी कुणी नाही. 'सहभोजन' चालेल का?

मूळ प्रश्नकर्ती

अंगतपंगतीचं पटलं. इथे प्रत्येकानं काहीतरी आणायचं असेल तर 'आम्बागान' म्हणतात, 'आम्बाग' म्हणजे वाटा, वर्गणी. तो वेगळाच प्रकार.

सहभोजनाचा विचार मीही केला होता. पण मराठीत तो शब्द जातीच्या पंगती मोडणाऱ्या चळवळीनं कमावलेला आहे. ज्यांनी त्यासाठी घरच्यांचा बहिष्कार सोसला त्यांचा तो शब्द. रविवारच्या सकाळच्या न्याहारीवर तो लावायला माझा हात धजत नाही.

आणि खरी अडचण सासूबाईंची आहे. एका पानावर सगळ्यांनी जेवायचं म्हणजे उष्टं. त्यांना मी समजावलं की प्रत्येक जण आपल्या पुढ्यातलंच खातो, तरी त्यांचं मन होत नाही. त्यांना टोकाला वेगळं पान मांडणार आहे. शेजारीणबाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

कुडाळहून

शब्द मिळेल तेव्हा मिळेल, पण भाताचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. मी तीन वर्षं मनिलाच्या बंदरात येणाऱ्या जहाजावर होतो. तिथली भाताची शब्दसंपत्ती पाहून मला घर आठवायचं. शेतातलं भात ते 'पालाय', सडलेले तांदूळ 'बिगास', शिजला की 'कानिन', रात्रीचा उरलेला शिळा भात 'बाहाव', तळाला लागलेली खरपूड 'तुतोंग', पातळ पेज 'लुगाव'. इंग्रजीत या सगळ्याला 'राइस' हा एक शब्द घेऊन फिरावं लागतं. आपल्याकडे शेतात उभं असतं तेही भात आणि ताटात येतो तोही भात, पण लिंग बदलतं: 'ते भात' कापायचं, 'तो भात' खायचा.

'कानिन' शब्द तर फारच सुंदर आहे. 'काइन' म्हणजे खाणं, त्याला '-इन' लागून 'जे खायचं ते'. आपल्या 'अन्न' शब्दाची घडणही हीच आहे: 'अद्' म्हणजे खाणं, त्यावरून 'अन्न'. दोन्हीकडे भातालाच 'खाण्याची गोष्ट' म्हटलं गेलं. आणि भाताबरोबर जे मासे, मटण, भाजी असेल ते सगळं 'उलाम'. 'आनोंग उलाम?' असं विचारतात तेव्हा ते अगदी आपलं 'आज कालवण काय?' असतं. साताऱ्याकडच्या लोकांना 'कोरड्यास' म्हटलं की लगेच कळेल.

तुमचा रविवारचा 'सिनांगाग' म्हणजे आपला फोडणीचा भात. तोही शिळ्याच भाताचा चांगला होतो, ताजा घेतला तर गिचका. 'सांगाग' या धातूच्या पोटात '-इन-' घुसवला की 'सिनांगाग', म्हणजे परतलेला. फक्त फोडणीत मोहरी-हळद नाही. भरपूर लसूण तेलात सोनेरी होईपर्यंत तळायचा, थोडा वरून घालायला बाजूला काढायचा आणि मग भात. लसूण करपला तर सगळा भात कडू होतो, तेवढं सांभाळा.

मुंबईहून

'तापसिलोग' हा शब्द यातूनच आला का?

कुडाळहून

हो. 'तापा' म्हणजे मुरवलेले बीफचे पातळ काप, 'सिनांगाग'चा 'सि' आणि 'इतलोग'चा म्हणजे अंड्याचा 'लोग'. या जोडशब्दाच्या जन्माचं श्रेय मनिलाजवळच्या मारिकिना शहरातल्या 'तापसी नी विवियन' या खानावळीला दिलं जातं, १९८० च्या दशकात. पुढे 'सिलोग' हा प्रत्ययच होऊन बसला. लोंगानिसा (तिथलं सॉसेज) असेल तर लोंगसिलोग, तोसिनो (गोडसर मुरवलेलं डुकराचं मांस) असेल तर तोसिलोग, बांगुस मासा असेल तर बांगसिलोग. मराठीत असे शब्दाचे तुकडे जोडून पदार्थाची नावं फारशी होत नाहीत. आपण अख्खे शब्द शेजारी ठेवतो: वडापाव, मिसळपाव.

म्हापशाहून

पावावरून आठवलं. त्यांचा 'पांदेसाल' म्हणजे स्पॅनिश 'पान दे साल', मिठाचा पाव. आपला 'पाव' पोर्तुगीज 'पांव'मधून आला. मूळ लॅटिन शब्द एकच, एक वाट गोव्यात आली आणि दुसरी मनिलात. १८४९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या, जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत पाव खाणं हे बंड होतं, हे सहभोजनाच्या चर्चेत नोंदवून ठेवतो.

लोंगानिसा आमच्या चोरीसाची चुलत बहीण. लुकबानची लसणीची असते, पाम्पांगाकडची गोड. 'आचारा' हे कच्च्या पपईचं लोणचं, आणि नावात सरळ 'अचार' आहे.

एक सावधगिरी. तिथे बाटलीवर 'सुका' लिहिलेलं असतं ते व्हिनेगर, सुकं काही नव्हे. मलायमधल्या 'चुका'वरून आलेला तो शब्द, आणि त्याच्यामागे संस्कृत 'चुक्र', म्हणजे आंबट. आपल्या पालेभाजीतला आंबट चुका त्याच घरातला. सुक्या मासळीला मात्र 'तुयो' म्हणायचं, त्याचा अर्थच 'सुका'. मनिलाच्या बाजारात मी 'सुका' म्हणत सुकट मागत होतो आणि दुकानदार प्रत्येक वेळी वेगळी बाटली पुढे करत होता.

पुण्याहून

'न्याहारी' हा शब्द ताईंनी सहज वापरला, पण तोच योग्य आहे असं मला वाटतं. 'नाश्ता' फारसीतून आला. मूळ अर्थ 'ज्यानं काही खाल्लेलं नाही असा'. आज नाश्ता म्हटलं की बशीतले पोहे आणि चहा. न्याहारीला शेताचा वास आहे. पहाटेपासून काम करून भाकरी-कोरड्यास बसून खायचं, ती न्याहारी. भात, मासा, अंडं असलेल्या जेवणाला नाश्ता म्हणणं हलकं वाटतं. तिथे काय म्हणतात?

मूळ प्रश्नकर्ती

रोजच्या बोलण्यात 'अल्मुसाल', स्पॅनिशमधून आलेला. तागालोगचा स्वतःचा शब्द 'आगाहान' आहे, 'आगा' म्हणजे लवकरची वेळ. न्याहारी पक्की.

शाकाहारी कुणी असेल तर म्हणून सांगते, आमच्या लागुनाचं 'केसोंग पुती' हे चीज म्हशीच्या दुधाचं असतं, पांढरंशुभ्र, केळीच्या पानात बांधलेलं. गरम पांदेसालमध्ये घालून सासूबाईंनी काल दोन खाल्ले. चवीला ताज्या पनीरसारखं, पण जास्त खारट आणि मऊ.

दवावहून (फिलिपिन्स)

मी इथे वैद्यकीय शिक्षण घेतोय, आमच्या वर्गात मराठी मुलं बरीच आहेत. ताई, तुम्ही नाम शोधताय, पण इथे लोक नाम क्वचित वापरतात. डबा उघडला की समोर दिसेल त्याला म्हणतात, 'काइन तायो!' आणि भेटल्यावर 'कुमाइन का ना?' म्हणजे 'जेवलास का?'. (हा 'का' आपला प्रश्नाचा नाही, तो 'तू'.)

'तायो' नीट पाहा. तागालोगमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत: 'कामी' म्हणजे तुला सोडून आम्ही, 'तायो' म्हणजे तुझ्यासकट आपण. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे वर्गातल्या अमेरिकन मुलाला हे शिकायला महिना लागला. मला एक मिनिटही लागलं नाही. 'काकाइन कामी' म्हणजे 'आम्ही जेवणार आहोत', तुम्ही या घरी. 'काइन तायो' म्हणजे 'आपण जेवू'.

पहिल्या वर्षी वसतिगृहात मी नवा होतो, कुणाशी बोलत नव्हतो. जिन्यात बसून सुकी मासळी आणि भात खाणाऱ्या रखवालदारकाकांनी मला जाता-जाता हेच म्हटलं. आमच्या गावाला एसटीत शेजारच्या आजी डबा उघडून 'या जेवायला' म्हणतात, तेच. मी खाली बसलो. त्यांनी भाताचे दोन भाग केले.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, माझा प्रश्न सुटला. सालु-सालोसाठी नाम शोधत होते, सर्वनामात सापडलं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, मग ते वेगळं पान राहू दे, मी कडेला बसेन पण त्याच पानावर. खरंच बसतील का ते रविवारी कळेल.

निमंत्रण पाठवलं ते असं:

'रविवारी सकाळी सात वाजता घरी या. अंगणात केळीच्या पानावर लसणीचा भात, मासे, अंडी, लोंगानिसा, पांदेसाल आणि बाराको कॉफी आहे. डबा आणू नका. आपण न्याहारी करू.'