अमेरिकेत प्री-मेड: काय धरावं, काय सोडावं?

प्रश्न: भाची प्री-मेड, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाची तयारी करणारी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी ग्रेड. लॅब, क्लबचं अध्यक्षपद, हॉस्पिटलमधली सेवा, सगळंच चालू. काय कमी करावं?

उत्तर १: आधी क्लब. एएमसीएएस (मेडिकल कॉलेजांच्या प्रवेशाचा सामाईक) अर्जात जास्तीत जास्त 15 उपक्रम, प्रत्येकी 700 अक्षरं. त्यातल्या तीनच उपक्रमांना आणखी 1325. यादी फुगवून काय साधणार? विषय पुन्हा दिला तरी दोन्ही ग्रेड सरासरीत धरतात, सी पुसला जात नाही. त्यापेक्षा बायोकेमिस्ट्रीत ए काढावा.

उत्तर २: सेवा मात्र सोडू नये. आठवड्याला तीनच तास, पण खंड न पाडता. तारखा, तास, संपर्क तेव्हाच टिपून ठेवावेत. अर्जात भरावे लागतात.

उत्तर ३: अध्यक्षपद अगदीच टाकाऊ नाही हं, काम दाखवता आलं तर! लॅबचंही तेच. काय मोजलं, कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) कोणता, हे सांगता आलं नाही तर मुलाखतीत फजिती.