विषय: शिकागोहून न्यू ऑर्लीन्सपर्यंत गाडीने, गाणे ऐकण्यासाठी

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे सासू-सासरे मार्चमध्ये साताऱ्याहून आमच्याकडे शॉम्बर्गला येत असून जूनपर्यंत राहणार आहेत. नायगारा आणि वॉशिंग्टन त्यांनी मागच्या खेपेस पाहिले आहे. या वेळी काय पाहायचे, असे फोनवर विचारले तेव्हा सासरे म्हणाले, "पाहायचे काही नको; तिथले लोक त्यांच्या गावात जे गातात-वाजवतात ते ऐकायला मिळेल का?" ते गेली चाळीस वर्षे भजनी मंडळात पेटीची साथ करतात, त्यामुळे या इच्छेला आम्हा दोघांना फार मोल वाटते.

एप्रिलअखेरीस आम्हाला दहा दिवसांची रजा मिळेल. नॅशव्हिल, मेम्फिस, न्यू ऑर्लीन्स, ऑस्टिन आणि परतताना कॅन्सस सिटी असा मार्ग मी आखला आहे. वाटेत जितके उत्सव साधतील तितके साधावेत असा विचार आहे. सासूबाई शाकाहारी आहेत. हे सारे झेपेल का, आणि काय वगळावे, याबद्दल अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

आपली,
शॉम्बर्गची सभासद

---

ताई, सस्नेह नमस्कार.

आपल्या सासऱ्यांचा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो: हा मार्ग बदला. पाच शहरे दहा दिवसांत केलीत तर ऐकण्यापेक्षा गाडीतच जास्त बसाल, आणि सत्तरीच्या माणसांना रोज पाचशे मैल बसवून रात्री कार्यक्रमाला नेणे योग्य नाही. आम्ही पहिल्या वेळी हीच चूक केली. शिकागोहून निघून दुसऱ्या दिवशी दुपारी न्यू ऑर्लीन्सला पोहोचलो, सव्वानऊशे मैल कापले, आणि ज्या संध्याकाळसाठी आलो होतो ती हॉटेलच्या खोलीत झोपून काढली. मिसिसिपी राज्य काचेबाहेरून निघून गेले आणि आपण काय मागे टाकले हे आम्हाला घरी परतल्यावर कळले.

माझे सांगणे एवढेच आहे की मिसिसिपी नदी धरून एकच वाट चाला. आपण शिकागोत राहतो, आणि शिकागोचे ब्लूज, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांचे सुखदुःखाचे गाणे, इथे उगवलेले नाही. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांवरून लाखो कृष्णवर्णीय माणसे विसाव्या शतकात रेल्वेने उत्तरेला आली आणि त्यांच्याबरोबर ते गाणे आले. ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून रेल्वेत बसून शिकागोला आले आणि इथल्या गजबजाटात आवाज पोहोचावा म्हणून त्यांनी विजेची गिटार हाती घेतली. ज्या वाटेने ते वर आले त्या वाटेने तुम्ही खाली उतरा, म्हणजे सासऱ्यांना एकाच गाण्याचे घर, माहेर आणि आजोळ क्रमाने भेटेल.

पहिला टप्पा मेम्फिस, सुमारे सव्वापाचशे मैल. सकाळी सहाला निघालात तर दोन विसावे घेऊनही सूर्यास्तापूर्वी पोहोचाल. तिथे दोन रात्री राहा. सन स्टुडिओ ही एका खोलीची जागा आहे, पण १९५४ साली बाजारात आलेली एल्व्हिस प्रेस्ली यांची पहिली तबकडी याच खोलीत मुद्रित झाली. त्याहून मला स्टॅक्स या सोल संगीताच्या ध्वनिमुद्रण कंपनीचे संग्रहालय जवळचे वाटते. जुन्या चित्रपटगृहात हा स्टुडिओ थाटला होता आणि प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच ठेवली होती, त्यामुळे तिथल्या मुद्रणांना वेगळाच नाद आला. मूळ इमारत १९८९ साली पाडली गेली. २००३ साली त्याच जागी संग्रहालय उभारताना तो उतारही पुन्हा बांधला आहे, आणि चालताना तो पावलांना जाणवतो. लोरेन मोटेलसाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवा. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांना तिथल्या सज्जात गोळी लागली. आज तिथे नागरी हक्कांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर पुष्पचक्र लावलेले असते. हे गाणे ज्यांनी घडवले त्यांनी काय सोसले, हे तिथे उभे राहिल्याशिवाय पुढची वाट कळत नाही.

मेम्फिसहून महामार्ग ६१ ने क्लार्क्सडेल पाऊणशे मैलांवर आहे. या दिवशी घाई करू नका. एप्रिलमध्ये कापूस पेरणीच्या बेतात असतो, म्हणून दोन्ही बाजूंना नुसती सपाट, नांगरलेली, काळसर जमीन दिसते. मी अकोल्यात वाढलो, त्यामुळे ती जमीन पाहून मला थांबावेसे वाटले. १८६१ साली इथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेचा कापूस बंदरांतून निघेनासा झाला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे मोर्चा वळवला. आपल्या खामगाव-अकोल्याच्या बाजारपेठांची भरभराट या शेतांशी अशी बांधलेली आहे. क्लार्क्सडेलला रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत डेल्टा ब्लूज संग्रहालय आहे, आणि मडी वॉटर्स ज्या खोपटात राहत त्याच्या लाकडी भिंती तिथे उभ्या केल्या आहेत. लोकगीते गोळा करणारे ॲलन लोमॅक्स यांनी १९४१ साली स्टोव्हॉलच्या मळ्यावर मडी वॉटर्स यांचे गाणे पहिल्यांदा मुद्रित केले. रात्री गावातल्या एखाद्या ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे गाण्या-नाचण्याच्या साध्या अड्ड्यात, बसा. पत्र्याचे छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक गिटार, एक ढोलसंच आणि समोर वीस-पंचवीस माणसे. सासऱ्यांना आधी एवढे सांगून ठेवा: चार-चार मात्रांची बारा घरे पुन्हा पुन्हा फिरतात, पहिली ओळ दोनदा येते, आणि तिसरी तिला उत्तर देते. आयुष्यभर साथ केलेल्या माणसाला दुसऱ्या फेरीतच सम सापडेल.

न्यू ऑर्लीन्समध्ये जॅझ अँड हेरिटेज फेस्टिव्हलचा एकच दिवस ठेवा. १९७० साली काँगो स्क्वेअरमध्ये सुरू झालेला हा उत्सव १९७२ पासून फेअर ग्राउंड्सच्या घोड्यांच्या मैदानावर भरतो. मोठ्या मंचांसमोर उन्हात उभे राहू नका. गॉस्पेलच्या, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांच्या, मंडपात सावली आणि खुर्च्या दोन्ही आहेत, आणि भजनाला टाळ धरणारा माणूस तिथून लवकर उठणार नाही. काँगो स्क्वेअर मात्र वेगळा वेळ काढून पाहा. गुलामगिरीच्या काळात रविवारी आफ्रिकी माणसे तिथे जमून आपले ढोल वाजवीत आणि नाचत. आज तिथे झाडे आणि फरसबंदी आहे. संध्याकाळी प्रिझर्व्हेशन हॉल. १९६१ पासून चालू असलेली ही खोली आपल्या दिवाणखान्यापेक्षा फारशी मोठी नाही. तिथे मद्य मिळत नाही, लहान मुलांनाही प्रवेश असतो, आणि वादक हाताच्या अंतरावर असतात. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याने श्वास घेतलेला ऐकू येतो. बाके थोडी असतात, म्हणून बसायची जागा आधीच राखून ठेवा.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. फ्रेंचमेन स्ट्रीटवर आणि अशा अनेक ठिकाणी दार फुकट असते, पण मंचापुढे बादली किंवा बरणी ठेवलेली असते आणि वादकांचा चरितार्थ मोठ्या अंशी तीवरच चालतो. माणशी निदान पाच-दहा डॉलर सुटे, नोटांत, रोज संध्याकाळी वेगळे काढून ठेवा. आपल्याकडच्या बैठकीत दाद देताना आपण हात आखडता घेत नाही. इथेही घेऊ नये.

आपला,
नेपरव्हिलचा जुना सभासद

---

ताई आणि काका, नमस्कार.

काकांनी मार्ग उत्तम सांगितला आहे. माझी अमेरिकेतली पहिली तीन वर्षे न्यू ऑर्लीन्सच्याच राज्यातल्या, लुइझियानातल्या, बॅटन रूजला गेली, म्हणून जेवणाचा विषय मी घेते, कारण शाकाहारी माणसाची तिकडे खरी अडचण होते, तीही न दिसणारी.

सोमवारी घरोघरी शिजणारा लाल घेवडा आणि भात दिसायला आपल्या राजमा-भातासारखा असतो, पण त्यात डुकराचे मांस किंवा सॉसेज शिजवलेले असते. हिरव्या पालेभाज्यांत हाड घातलेले असते. डेल्टातल्या, म्हणजे क्लार्क्सडेलच्या भोवतालच्या सपाट प्रदेशातल्या, टमाल्यांच्या (सारण भरून शिजवलेल्या मक्याच्या गुंडाळ्यांच्या) पिठात चरबी असू शकते, कॉर्नब्रेडमध्येही असू शकते. म्हणून "मांस आहे का" असे विचारून भागत नाही. "चरबी, हाड किंवा मांसाचा रस्सा घातला आहे का" असे विचारावे लागते. विचारल्याचा कोणालाही राग येत नाही, उलट स्वयंपाकी स्वतः बाहेर येऊन सांगतात.

सासूबाईंना आवडेल असे मात्र पुष्कळ आहे. ग्रिट्स म्हणजे आपल्या मक्याच्या कण्या. लोणी घालून गरम मागवाव्यात. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी जवळजवळ सगळीकडे मिळते. गम्बो या तिथल्या दाट रश्शाचे नावच आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आले, हे त्यांना सांगा; गम्बो स्वतः मात्र बहुधा मांसाचा किंवा कोळंबीचा असतो. कॅफे दु मोंदला १८६२ पासून चिकोरीची कॉफी मिळते, तिच्याबरोबर पिठीसाखरेने झाकलेले बेन्ये, म्हणजे तळलेल्या पिठाचे चौकोनी तुकडे, घ्यावेत, आणि काळे कपडे घालून जाऊ नये. दुपारी स्नोबॉल, म्हणजे आपला बर्फाचा गोळा, फक्त बर्फ इतका बारीक किसलेला की पाक खाली निथळत नाही. न्यू ऑर्लीन्सचा "लान्याप" हा शब्दही ऐकून ठेवा: भाजीवाली वजन झाल्यावर जी मूठभर कोथिंबीर वर टाकते, ती लान्याप. तरीही गाडीत भाताचा छोटा कुकर, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी असावीच.

आता माझी एक भर. न्यू ऑर्लीन्सहून पश्चिमेला सुमारे १३५ मैलांवर लाफायेट आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिथे फेस्टिव्हल इंटरनॅशनल भरतो, १९८७ पासून, रस्त्यांवर, विनामूल्य. वाटेत अचाफलायाच्या दलदलीवरचा अठरा मैलांचा पूल लागतो. १७५५ पासून ज्यांना इंग्रजांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकलले त्या फ्रेंच अकेडियनांची वस्ती इथे झाली. त्यांचे ते केजन संगीत, आणि इथल्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचे झायडेको. दोन्हींचा प्राण अकॉर्डियन आहे. अकॉर्डियन आणि आपली पेटी एकाच कुळातल्या; दोन्हींत भात्याची हवा धातूच्या पट्ट्या थरथरवते. पण केजन अकॉर्डियनला दहाच बटणे असतात आणि एकच बटण भाता दाबताना एक स्वर देते, ओढताना दुसरा. झायडेकोत त्याच्या जोडीला छातीवर पन्हाळी पत्र्याचा अंगरखा घालून चमच्यांनी ताल धरणारा वादक असतो. आपले सासरे भात्याकडेच बघत बसतील, अशी माझी खात्री आहे.

आपली,
पिओरियाची सभासद

---

काका आणि ताई, मनःपूर्वक आभार.

नॅशव्हिल, ऑस्टिन आणि कॅन्सस सिटी वगळले आहे. आता मेम्फिसला दोन रात्री, क्लार्क्सडेलला एक, व्हिक्सबर्गला विसाव्याची एक, न्यू ऑर्लीन्सला तीन आणि लाफायेटला एक असा बेत आहे. परतीचे दोन दिवस फक्त गाडी चालवण्याचे. न्यू ऑर्लीन्सची खोली आजच राखली, कारण उत्सवाच्या दिवसांत दर दुपटीच्या पुढे गेलेले दिसले. गाडी हॉटेलातच ठेवून शहरात ट्रामने फिरणार आहोत.

काल सासऱ्यांना फोनवर दहा बटणांची गोष्ट सांगितली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे भाता उलटला की सूर बदलतो. मग त्याचा डावा हात काय करतो, ते विचार." लाफायेट परिसरात असे अकॉर्डियन बनवणारे किंवा शिकवणारे कोणी ताईंच्या ओळखीचे असल्यास कृपया कळवावे, सासऱ्यांना अर्धा तास त्यांच्याजवळ बसायचे आहे.

आपली,
शॉम्बर्गची सभासद