लातूरहून परतताना हेडिंगही चुकले आणि वेळही चुकली: वाऱ्याच्या गणिताविषयी प्रश्न

प्रश्न | नवशिका_नॅव

नमस्कार. मी व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी प्रशिक्षण घेत आहे. डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) एअर नेव्हिगेशनचा पेपर उत्तीर्ण झालो असून सध्या क्रॉस-कंट्री उड्डाणे सुरू आहेत. मागच्या आठवड्यात इन्स्ट्रक्टरांसोबत सेसना १५२ मधून बारामतीहून लातूरला गेलो आणि लातूरवरून वळून परत आलो. जाताना सर्व काही नॅव लॉगप्रमाणे (उड्डाणापूर्वी लिहिलेल्या हेडिंग आणि वेळांच्या तक्त्याप्रमाणे) घडले, परंतु परतीच्या टप्प्यात माझी चांगलीच फजिती झाली.

माझे आकडे असे होते. बारामती ते लातूर ट्रॅक (जमिनीवरच्या मार्गाची दिशा) ०८४ अंश, अंतर १०८ नॉटिकल मैल, ट्रू एअरस्पीड (हवेच्या सापेक्ष खरा वेग) १०० नॉट, वारा २४० अंशांवरून २० नॉट. फ्लाइट कॉम्प्युटरवर (हाताने फिरवायच्या गणनचकतीवर) हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, ०८९ आणि ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या सापेक्ष वेग, ११८ नॉट आला, म्हणजे वेळ ५५ मिनिटे. वारा नसता तर ६५ मिनिटे लागली असती, म्हणून जाताना १० मिनिटे वाचली असा हिशेब मी केला. येताना तोच वारा समोरून लागणार, तेव्हा तीच १० मिनिटे जास्त लागतील असे धरून परतीसाठी ७५ मिनिटे लिहिली. परतीचा ट्रॅक २६४. त्यात जातानाप्रमाणेच ५ अंश मिळवून हेडिंग २६९ लिहिले.

लातूर सोडल्यावर साधारण २० मैलांवर आम्ही आखलेल्या रेषेच्या ४ मैल उत्तरेला होतो. इन्स्ट्रक्टरांनी विचारले, "आता किती अंश वळणार?" मी गुडघ्यावरचा फ्लाइट कॉम्प्युटर फिरवू लागलो, तेव्हा त्यांनी तो काढून घेतला आणि तोंडी उत्तर मागितले. मला ते देता आले नाही. शेवटी बारामतीला लिहिलेल्या वेळेपेक्षा ९ मिनिटे उशिरा पोहोचलो.

हेडिंगमध्ये मिळवण्याऐवजी वजा करायला हवे होते, हे आता कळले आहे. परंतु वेळेचे गणित नेमके कुठे चुकले ते अजून नीट उमगलेले नाही. शिवाय कॅल्क्युलेटरवर त्रिकोणमितीने काढलेले उत्तर आणि फ्लाइट कॉम्प्युटरचे उत्तर यांत नेहमी अर्ध्या-एका अंशाचा फरक येतो. त्यांपैकी कोणते प्रमाण मानावे, आणि हवेत तोंडी हिशेब करण्याची आपली पद्धत काय आहे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

उत्तर १ | जुना_इन्स्ट्रक्टर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. आपल्या विमानातल्या होकायंत्रावर खुणा पाच-पाच अंशांच्या असतात, आणि शिकाऊ वैमानिकाने हेडिंग पाच अंशांच्या आत सातत्याने धरले तरी आम्ही समाधानी असतो. तेव्हा अर्ध्या अंशाच्या वादात वेळ घालवू नये. तुमची चूक दहा अंशांची होती आणि ती कॉम्प्युटरने केलेली नाही. शाळेत गणित सोडवल्यावर आपण ताळा करून पाहत असू. तो तुम्ही केला नाही, एवढेच.

हा ताळा कॉम्प्युटर हातात घेण्यापूर्वी करायचा असतो. कागदावर ट्रॅकची एक रेघ ओढा, वारा ज्या बाजूने येतो तिकडून एक बाण काढा आणि दोन वाक्ये लिहा: वारा उजवीकडून की डावीकडून, समोरून की पाठीमागून. २६४ च्या ट्रॅकवर २४० चा वारा २४ अंश डावीकडून, समोरून येतो. म्हणजे नाक डावीकडे वळवायचे आणि हेडिंग ट्रॅकपेक्षा कमी यायला हवे. ही दोन वाक्ये लिहिलेली असती तर २६९ हा आकडा लिहिताना हात आपोआप थांबला असता.

तोंडी हिशेबासाठी घड्याळाचा तबकडी-नियम वापरा. आधी जास्तीत जास्त ड्रिफ्ट (वाऱ्याने विमान बाजूला सरकण्याचा कोन) काढा: वाऱ्याचा वेग गुणिले ६०, भागिले एअरस्पीड. इथे २० गुणिले ६० भागिले १००, म्हणजे १२ अंश. आता वारा आणि ट्रॅक यांतला कोन मिनिटे समजून तासाचा किती भाग होतो ते पाहा. १५ अंश म्हणजे पाव, ३० म्हणजे अर्धा, ४५ म्हणजे पाऊण, आणि ६० किंवा त्याहून अधिक म्हणजे पूर्ण. तुमचे २४ अंश अर्ध्याहून थोडे कमी, म्हणजे १२ पैकी साधारण ५. हेडिंग २५९. समोरच्या वाऱ्यासाठी हाच नियम ९० मधून कोन वजा करून लावायचा: ६६ अंश, म्हणजे पूर्ण २० नॉट. खरे उत्तर १८ च्या आसपास आहे, पण ताळ्यासाठी एवढे पुरेसे आहे.

आता वेळेचे पाहू. २४० चा वारा परतीत तुमच्या वेगातून सुमारे १८ नॉट काढून घेतो, म्हणून ग्राउंडस्पीड ८१ नॉट राहतो आणि १०८ मैलांना ८० मिनिटे लागतात. जाताना १० मिनिटे वाचली, येताना १५ जास्त लागली. वारा तोच असूनही हिशेब जुळत नाही, कारण मदत करणाऱ्या वाऱ्यात तुम्ही ५५ मिनिटेच होता आणि अडवणाऱ्या वाऱ्यात ८० मिनिटे. वाऱ्याचे देणे-घेणे मैलांवर नव्हे, तासांवर चालते. म्हणून जाऊन येण्याच्या उड्डाणात वारा कोणत्याही बाजूचा असला तरी शांत हवेपेक्षा वेळ जास्तच लागतो. वेगाची सरासरी काढून किंवा मिनिटांची फिट्टंफाट करून परतीची वेळ कधीही लिहू नये. प्रत्येक टप्प्याचा ग्राउंडस्पीड स्वतंत्रपणे काढावा. तुमच्या नऊ मिनिटांपैकी पाच या चुकीची होती. उरलेली चार वाकड्या वाटेने आल्यामुळे गेली असावीत.

इंधनाच्या रकान्यातही हीच चूक शिरते. ताशी २३ लिटर धरले तर १३५ मिनिटांना ५२ लिटर होतात. तुमच्या हिशेबाने ५० झाले असते. दोन लिटरांनी काही बिघडत नाही, परंतु परवान्यासाठी लागणाऱ्या ३०० मैलांच्या उड्डाणात असे तीन-चार रकाने एकत्र येतात, आणि दिवसाच्या दृश्य उड्डाणाचा किमान ३० मिनिटांचा राखीव साठा अशा चुका पोटात घालण्यासाठी ठेवलेला नसतो. मी स्वतः विद्यार्थ्यांना ४५ मिनिटे धरायला लावत असे, आणि त्याबद्दल अनेकांनी माझ्या माघारी कुरकुर केली आहे याची मला कल्पना आहे.

उत्तर २ | दक्षिणवारा

वरील उत्तराशी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट अशी की, परतीचा वारा तोच असतो हे गृहीतकही तपासायला हवे. दिशेप्रमाणे उंची ठरवणाऱ्या अर्धवर्तुळाच्या नियमाप्रमाणे तुम्ही पूर्वेकडे जाताना ५५०० फुटांवर असाल तर पश्चिमेकडे येताना ४५०० किंवा ६५०० वर याल, आणि हजार फुटांत वाऱ्याची दिशा व वेग दोन्ही बदलू शकतात. त्याबरोबर ट्रू एअरस्पीडही बदलतो. दर हजार फुटांना दोन टक्के हा ढोबळ नियम लावला तर ५५०० फुटांवर मीटरवरचे ९० नॉट म्हणजे प्रत्यक्षात १०० नॉट. मीटरवरचा वेग तसाच वारा, हेडिंग आणि ट्रॅक यांच्या त्रिकोणात घालणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट व्हेरिएशनची, म्हणजे खरी (ट्रू) उत्तर आणि होकायंत्राची (मॅग्नेटिक) उत्तर यांतल्या फरकाची. महाराष्ट्रात ते जवळपास शून्य असल्यामुळे ट्रू आणि मॅग्नेटिक यांची गल्लत केली तरी पकडले जात नाही, आणि ती सवय अंगी मुरते. मी इथे सुरुवात करून पुढचे प्रशिक्षण न्यूझीलंडमध्ये घेतले, जिथे ख्राइस्टचर्चच्या परिसरात व्हेरिएशन वीस अंशांहून अधिक पूर्व आहे. पहिल्याच नॅव लॉगमध्ये मी हवामानाच्या अंदाजातला वारा, जो ट्रू असतो, मॅग्नेटिक ट्रॅकवर लावला आणि उत्तर असे आले की इन्स्ट्रक्टर बाई बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. उंचावरच्या वाऱ्याचा अंदाज आणि मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) यांतला वारा ट्रू असतो. टॉवर धावपट्टीसाठी रेडिओवर सांगतो तो वारा मॅग्नेटिक. त्रिकोण ट्रूमध्ये सोडवा, मग व्हेरिएशन लावा, आणि शेवटी विमानातल्या कार्डावरून डेव्हिएशन (विमानामुळे होकायंत्रात येणारी चूक). आपल्याकडे फरक पडत नसला तरी क्रम हाच ठेवा.

उत्तर ३ | उजनीकाठ

या मार्गापुरते सांगतो. उजनीचा फुगवटा हा उत्तम चेकपॉइंट वाटतो, परंतु नकाशावरचा काठ भरलेल्या धरणाचा असतो. उन्हाळ्यात साठा उणे पातळीत गेला की पाणी इतके मागे सरते की, "काठ ओलांडला" ही वेळ लिहिण्यात दोन-तीन मिनिटांची चूक सहज होते, आणि त्यावरून काढलेला ग्राउंडस्पीड भलताच येतो. वेळ लिहायला रेल्वे, पूल किंवा महामार्ग घ्यावा. पाणी फक्त ओळख पटवायला. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरकडे जाणारा लोहमार्ग दक्षिणेच्या बाजूला राहतो. तुम्ही चार मैल उत्तरेला सरकलात तेव्हा तो दिसेनासा झाला असेल, तर ती खूण तेव्हाच खटकायला हवी होती.

नवशिका_नॅव

सर्वांचे मनापासून आभार. आज सर्व आकडे पुन्हा मांडले. त्याबरोबर समान वेळेचा बिंदूही (जिथून पुढे जायला आणि मागे फिरायला सारखाच वेळ लागतो) काढला: १०८ गुणिले ८१, भागिले ११८ अधिक ८१, म्हणजे बारामतीपासून ४४ मैल. कुर्डुवाडी उजव्या हाताला येण्याच्या थोडे आधीच लातूर वेळेच्या दृष्टीने जवळचे होते, हे पाहून आश्चर्य वाटले; मी तो बिंदू मध्यावर, म्हणजे ५४ मैलांवर धरून चाललो होतो.

एक शंका उरली आहे. २० मैलांत ४ मैल सरकलो, म्हणून साठास-एकच्या नियमाने (६० मैलांत १ मैल सरकणे म्हणजे १ अंश) चूक १२ अंश. पुढच्या ८८ मैलांत ४ मैल भरून काढायला आणखी ३ अंश. एकूण १५ अंश डावीकडे, म्हणजे हेडिंग २५४. परंतु तिथून बारामतीपर्यंतचा त्रिकोण नव्याने सोडवला तर हेडिंग २५७ येते. यांपैकी कोणते धरावे?

जुना_इन्स्ट्रक्टर

शंका रास्त आहे. तुम्ही डावीकडे वळता तेव्हा नाक वाऱ्याच्या अधिक जवळ जाते आणि ड्रिफ्ट कमी होतो. साठास-एकचा नियम मात्र ड्रिफ्ट तेवढाच राहील असे धरून चालतो. म्हणून तो इथे तीन अंश जास्त वळायला सांगतो. छोट्या चुकीत हा फरक जाणवत नाही, बारा अंशांच्या चुकीत जाणवतो.

कोणते धरावे हे चुकीचे कारण कळले आहे की नाही यावर ठरते. तुमच्या बाबतीत वारा अंदाजाप्रमाणेच होता आणि चूक बेरीज-वजाबाकीची होती. लॉगकडे एक नजर टाकून ते हवेत लक्षात आले असते, तर बरोबर हेडिंग २५९ आणि त्यातून परत रेषेवर येण्यासाठी ३ अंश वजा, असे २५६ धरणे सर्वांत योग्य ठरले असते. कारण कळत नसेल, म्हणजे वाराच बदललेला असू शकतो, तेव्हा अंदाजावरचा त्रिकोण पुन्हा सोडवण्यात अर्थ नाही. जमिनीवर मोजलेले ४ मैल हाच तुमच्याजवळचा एकमेव खरा आकडा असतो. मग २५४ धरा, घड्याळात वेळ लिहा आणि २० मैलांनी पुन्हा पाहा. तीन अंश जास्त वळला असाल तर तोवर एक मैल दक्षिणेकडे सरकाल, आणि तो मैल बार्शी डाव्या हाताला येण्याच्या आत दिसेल.