लहान गावात बाबांना स्ट्रोक, आई एकटी. तिथे कुठली मदत असते आणि विचारायचं कुणाला?

दूरची_लेक:

नमस्कार, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. बाबांना सात आठवड्यांपूर्वी स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटक तुटक येतं पण समजतं सगळं. घरी आणून महिना होईल. आईबाबा राहतात ते गाव लहान, धड खेडं नाही आणि शहर तर नाहीच. एक सरकारी दवाखाना, दोन-तीन खाजगी डॉक्टर, शाळा, वाचनालय, बस स्टँड, संपलं. मी दूर नोकरीला, पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार जाऊन येते.

आईला फोनवर विचारलं की एकच उत्तर, "आमचं चाललंय व्यवस्थित, तू काळजी करू नकोस." मागच्या खेपेला गेले तर तिचं मनगट टम्म सुजलेलं, बाबांना एकटीने उचलून बसवते म्हणून. आणि बोलता बोलता कळलं की महिनाभरात ती फाटकाच्या बाहेर पडलेली नाही. औषधं आणायलासुद्धा शेजारचा मुलगा जातो. मला ते ऐकून रडूच आलं, तिच्यासमोर नाही रडले.

मोठ्या शहरात यासाठी एजन्स्या असतात हे माहितीये. लहान गावात काय असतं? घरी येऊन बघणारं कुणी, व्यायाम घेणारं कुणी, आईला दोन तास सुटका देणारं कुणी, असं काही असतं का आणि असलं तर ते सापडतं कसं? गुगलवर त्या गावाचं नाव टाकलं की दोन मेडिकल आणि एक मंगल कार्यालय एवढंच येतं. दुसरं म्हणजे आईला कुणाकडे मदत मागायची लाज वाटते, त्याचं काय करू तेही सांगा.

निवृत्त_सिस्टर:

ताई, मी 31 वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीचशी अशाच लहान गावांत. तुमच्या आईसारख्या खूप बायका पाहिल्या, सगळ्यांचं "चाललंय" हेच उत्तर असतं. म्हणून तिला "मदत हवी का" हा प्रश्न विचारूच नका. पुढच्या वेळी गेलात की एक अख्खा दिवस काही न करता फक्त बघा आणि लिहून काढा, सकाळी उठल्यापासून रात्री किती वेळा जाग येते तिथपर्यंत. कूस बदलणं, स्पंजिंग, भरवणं, औषधं, लघवी-संडास, व्यायाम, सगळं वेळेसकट. मग दिसेल की चोवीस तासांतले नेमके कुठले तीन-चार तास तिचं कंबरडं मोडतायत. मदत त्या तासांसाठी मागायची. "कुणीतरी मदत करा" म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि कुणी येत नाही, पण "मंगळवार-शुक्रवार सकाळी नऊ वाजता आंघोळीला एक माणूस हवा" म्हटलं की हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळतं.

पहिला फोन सरकारी दवाखान्यात. डॉक्टरांना नका गाठू, तिथल्या नर्सला गाठा. लहान गावात कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुठली मावशी पेशंटचं काम नीट करते, कुणाकडे वापरून झालेली व्हीलचेअर पडून आहे, हे सगळं तिच्या डोक्यात असतं, कुठल्या कागदावर नसतं. घरी येऊन बघण्याची सोय त्यांच्याकडे आहे का ते विचारा, नसेल तर निदान एकदा येऊन आईला उचलायची पद्धत दाखवा म्हणा. हे अगदी पहिलं करा. कमरेखाली आडवी घडी घातलेली चादर ठेवून दोघांनी सरकवायचं असतं, काखेत हात घालून ओढायचं नसतं. त्यात आईचं मनगट जातंच पण बाबांच्या लुळ्या बाजूचा खांदा निखळतो, तो त्रास मग महिनोन्महिने पुरतो.

बाकी तुम्हाला माहीत असेल तरी लिहिते. निजून असतील तर दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या, लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर पांढरी होत नसेल तर त्याच दिवशी नर्सला सांगायचं. भरवताना पूर्ण बसवून, आणि नंतरही अर्धा तास बसतंच ठेवायचं. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या, स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं नाही बघत, गिळणंही बघतात. एअर बेड, कमोडची खुर्ची, वॉकर लगेच विकत घेऊ नका. या वस्तू बहुतेक घरांत काही महिन्यांत नको होतात, आणि बऱ्याच ठिकाणी एखादी संस्था, देऊळ, चर्च, मशीद किंवा ज्येष्ठ नागरिक संघ त्या वापरायला देतो, नाममात्र डिपॉझिटवर किंवा तसंच.

आणि बाबा गप्प गप्प, चिडचिडे झालेत का? स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं. त्याला इलाज आहे, "असंच असतं" म्हणून सोडू नका.

वाचनालयवाला:

सिस्टरांनी लिहिलंय त्याला माझं पूर्ण अनुमोदन. मी एका छोट्या वाचनालयात काम करतो म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमच्याकडे लोक पुस्तकांपेक्षा फॉर्म घेऊन जास्त येतात. पेन्शनचा फॉर्म, अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज, विम्याचा क्लेम, कुणाला हे वाचता येत नाही तर कुणाला ऑनलाइन भरता येत नाही, आणि प्रत्येकाला वाटत असतं की आपणच एकटे अडाणी. तसं नाहीये, ते फॉर्मच कठीण असतात.

तर यातून झालं असं की आम्ही एक वही ठेवली. गावात कुणाला काय हवं असतं आणि ते कोण देतं. फुकट कायदेशीर सल्ला कुठे, रक्तदाते कोण, रात्री गाडी काढणारा ड्रायव्हर कोण, व्हीलचेअर कुणाकडे, दारू सोडवणाऱ्यांची मीटिंग कुठल्या वारी. वही करणं सोपं होतं. पण सहा महिन्यांनी बघितलं तर निम्मे नंबर बंद, एक संस्था उठून गेलेली, एका बाईंनी काम सोडलेलं. गरजेच्या वेळी तीन चुकीचे नंबर लागले की माणूस चौथा लावत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता दर तीन महिन्यांनी एकजण बसून प्रत्येक नंबर लावून बघतो आणि तारीख टाकतो. यादीवर तारीख नसेल तर तिच्यावर विसंबू नका असं मी स्पष्टच सांगेन.

जगात हेच काम मोठ्या प्रमाणावर झालंय. ब्रिटनमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात, सप्टेंबर 1939 मध्ये, सल्ला केंद्रं उघडली, घर पडलं, रेशन कार्ड हरवलं, नवरा बेपत्ता झाला तर कुठे जायचं हे सांगायला, आणि ती सिटिझन्स अॅडव्हाइस म्हणून अजून चालू आहेत. अमेरिकेत 1997 साली अटलांटात 211 हा एकच नंबर सुरू झाला, फोन उचलणारा माणूस तुमची अडचण ऐकतो आणि नेमकी कुठली संस्था ते सांगतो. दोन्हीकडे यादीच्या पलीकडे एक माणूस बसलेला आहे, मला यातलं महत्त्वाचं तेच वाटतं. कारण बहुतेकांना आपल्याला काय हवंय त्याचं नावच माहीत नसतं. तुमच्या आईला "रेस्पाइट केअर" हा शब्द कुठून माहीत असणार, तिला "जरा दोन तास बाहेर जाऊन यायचंय" एवढंच माहीत.

ताई तुमच्या गावातल्या वाचनालयात एक फोन करून बघा. त्यांच्याकडे वही नसली तरी ज्यांच्याकडे आहे तो माणूस त्यांना माहीत असेल.

रोखठोक:

मी जरा वेगळं लिहितो, राग मानू नका. माझ्या आईला डिमेन्शिया होता, पाच वर्षं केलं घरी, गाव तुमच्यासारखंच. पहिल्या पंधरवड्यात शेजारी, नातेवाईक, मित्र सगळे आले, डबे आले, फळं आली, "काही लागलं तर हक्काने सांग" म्हणाले आणि मनापासून म्हणाले. तिसऱ्या महिन्यात कुणी नाही. मला तेव्हा फार राग यायचा, आता येत नाही, कारण कळलं की ती वाईट माणसं नव्हती. त्यांना काय करायचं, किती करायचं आणि कधी थांबायचं तेच कुणी सांगितलं नव्हतं, आणि अंत नसलेल्या कामाला माणूस घाबरतो.

मग चौघांना मी वार वाटून दिले, प्रत्येकाला आठवड्यातून एकच दिवस, दीड तास, वेळ संपली की ते जाणारच आणि मी थांबवणार नाही हे आधी ठरवून. ते दोन वर्षं टिकलं. चौघांतले दोघं तर फक्त आईशेजारी बसायचे, पेपर वाचून दाखवायचे. तेवढ्यात मी झोपायचो.

पगारी माणूस ठेवणार असाल तर मात्र डोळे उघडे ठेवून. ओळखपत्राची प्रत, आधीच्या दोन घरांशी स्वतः बोलणं, काय करायचं आणि काय नाही ते कागदावर. कार्ड, पिन, कपाटाची किल्ली कुणाकडे नाही. आमच्याकडे एका एजन्सीने पाठवलेला माणूस रात्रपाळीत चक्क झोपायचा आणि आईला पाठीला जखम झाली, ती भरायला चार महिने गेले. तेव्हापासून मी सांगतो, पहिले आठ दिवस घरातलं कुणीतरी सोबत हवंच.

दूरची_लेक:

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचलं सगळं. रोखठोक दादा, पाठीच्या जखमेचं वाचून पोटात गोळा आला, लगेच आईला फोन करून टाचा बघायला सांगितल्या, ठीक आहेत. पण वार वाटून देणं आईला जमेल असं वाटत नाही, ती म्हणेल लोकांना कशाला बांधून घालायचं. आणि गावात चारचौघांत बोलणं होईल ही पण तिला भीती आहे.

पालवी:

दूरची_लेक, मी एका पॅलिएटिव्ह केअर गटात (म्हणजे गंभीर किंवा लांबलेल्या आजारात पेशंटचा त्रास कमी करणारी आणि घरच्यांना आधार देणारी सेवा) स्वयंसेवक आहे. ही लाज आम्हाला जवळजवळ प्रत्येक घरात भेटते, आणि ती जिरते कशी तेही पाहिलंय. आई "घेणारी" आहे असं तिला वाटतंय ना, तर तिला काहीतरी द्यायला लावा. जपानमध्ये ओसाकाच्या तेरुको मिझुशिमा या बाईंनी 1973 मध्ये तासांची बँक काढली होती, मी तुझ्याकडे दोन तास काम केलं की माझ्या खात्यात दोन तास जमा, मला गरज लागेल तेव्हा काढायचे, पैशांचा संबंध नाही. पुढे अशा टाइम बँका खूप देशांत झाल्या. तुम्हाला बँक काढायला नको, पण आईला काय येतं? शिवण, हिशोब, मुलांचा अभ्यास? शेजारचा जो मुलगा औषधं आणतो त्याचा अभ्यास ती बाबांच्या खोलीत बसून घेऊ शकते. मुलगा येईल, बाबांना कानावर बोलणं पडेल, आणि आईला उपकार वाटणार नाही.

रोखठोक म्हणतात तसं वेळेचं बंधन हवंच. केरळमध्ये 2001 च्या सुमारास मलप्पुरम भागात शेजाऱ्यांचं पॅलिएटिव्ह केअरचं जाळं उभं राहिलं, त्यात स्वयंसेवकाकडून आठवड्यातले निदान दोन तास मागतात, आधी शिकवतात आणि पाठीमागे डॉक्टर-नर्स असतात. म्हणजे शेजाऱ्याच्या नुसत्या चांगुलपणावर भार टाकलेला नाही. पॅलिएटिव्ह म्हणजे फक्त कॅन्सर किंवा शेवटचे दिवस असं समजू नका, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठीही ही मदत असते. जवळच्या मोठ्या गावात असा गट आहे का ते त्या नर्सला विचारा, बरेच गट आसपासच्या गावांतही गृहभेटीला जातात.

चारचौघांत बोलण्याबद्दल, गटात आम्ही पहिला नियम हाच शिकवतो की घरात दिसलेलं घराबाहेर न्यायचं नाही. येणाऱ्या माणसाला तुम्हीही हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगू शकता, त्यात काही गैर नाही. आणि आजाराची माहिती, फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. काय हवंय तेवढंच टाका, कुणासाठी ते फोनवर.

अजून एक, मनगटाचा एक्स-रे काढलात का? आईचं बीपी शेवटचं कधी तपासलं? सांभाळणारी माणसं स्वतःच्या तपासण्या आधी बंद करतात.

निवृत्त_सिस्टर:

पालवी यांनी शेवटी विचारलं ते मी विसरले होते, फार बरं झालं. ताई, फिजिओचं लवकर बघा हो. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात जास्त होते, नंतर होतच नाही असं नाही पण वेग कमी होतो. तुमचे सात आठवडे गेलेत. रोज येणारा मिळाला नाही तर आठवड्यातून एकदा येऊन आईला व्यायाम शिकवणारा चालेल, मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉलवर बघतात हल्ली.

दूरची_लेक:

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

दवाखान्यातल्या सिस्टर घरी येऊन गेल्या. चादरीची पद्धत आईला आणि शेजारच्या काकूंना दाखवली, आता सकाळी काकू दहा मिनिटं येतात आणि दोघी मिळून बाबांना बसवतात. कमोडची खुर्ची आणि वॉकर त्यांनीच सांगितलेल्या एका घरातून मिळाला, त्यांचे आजोबा गेले मागच्या वर्षी, त्यांनी डिपॉझिट पण घेतलं नाही. फिजिओ दर बुधवारी येतात, शेजारच्या गावाहून. बाबा आता धरून दहा पावलं टाकतात. मनगटाला फ्रॅक्चर नव्हतं, पट्टा दिलाय. बीपी मात्र वाढलेलं निघालं आईचं, गोळी सुरू केली.

रात्रीचं अजून काही सुटलेलं नाही, तीन वेळा उठावं लागतंच. त्याबद्दल कुणाला काही सुचत असेल तर लिहा.

वाचनालयवाले दादा, तिथल्या वाचनालयात वही नव्हती. पण तिथल्या बाईंनी माझ्याकडून सगळे नंबर उतरवून घेतले आणि वर तारीख टाकली. शेजारचा मुलगा आता रोज संध्याकाळी गणिताचं पुस्तक घेऊन येतो. मंगळवारी तो बाबांजवळ बसला आणि आई तेवढ्यात चालत त्या वाचनालयात जाऊन एक पुस्तक बदलून आली.