क्वचित लिहिल्या जाणाऱ्या ब्लॉगांवरचे नवे लेख चुकू नयेत म्हणून फीड कसे वापरावे?

प्रश्न (वीरगळ_वाचक):
शिलालेख, वीरगळ आणि मोडी कागदपत्रे यांवर लिहिणारे पंचवीसेक मराठी ब्लॉग मी अनेक वर्षे वाचत आले आहे. त्यांतले बहुतेक लेखक वर्षातून दोन-तीनदाच लिहितात, म्हणून दर रविवारी मी सगळे पत्ते एकेक करून उघडते आणि बहुधा नवे काहीच सापडत नाही. पूर्वी काहींची सूचना ईमेलने येत असे. ती बंद झाल्यावर वीरगळांवरची एक चार भागांची मालिका मला सात महिन्यांनी दिसली, आणि तोवर तिच्याखालची चर्चाही संपली होती, याची फार खंत वाटते. काही ब्लॉगांवर नारिंगी चौकोनात पांढऱ्या लहरींचे चिन्ह असते, पण त्यावर टिचकी मारली की कंसांनी भरलेला अगम्य मजकूर उघडतो. त्याचे काय करायचे?

उत्तर (फीडप्रेमी):
तो मजकूर आपल्या वाचनासाठी नसून फीड रीडर या सॉफ्टवेअरसाठी असतो. ती एक फाइल असते, तिलाच फीड म्हणतात. ताज्या लेखांची शीर्षके, दुवे, तारखा आणि सारांश किंवा पूर्ण मजकूर तिच्यात असतो. रीडर ठरावीक वेळाने ती फाइल मागतो आणि मागच्या वेळेनंतर काही बदलले आहे का, असे सर्व्हरला विचारतो. बदल नसेल तर सर्व्हर मजकूर न पाठवता नुसता ३०४ हा संकेतांक कळवू शकतो. त्यामुळे वर्षातून दोनदा लिहिणाऱ्या ब्लॉगसाठी ही सोय सर्वांत उपयोगी आहे, असे माझे ठाम मत आहे. संगणकावर थंडरबर्ड, अँड्रॉइडवर फीडर, आयफोनवर नेटन्यूजवायर, किंवा थेट ब्राउझरमध्ये इनोरीडर वापरता येईल. रीडरमध्ये ब्लॉगचा नेहमीचा पत्ता दिला तरी बहुतेक वेळा तो फीड स्वतः शोधतो. न सापडल्यास वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहावे. ब्लॉगस्पॉटसाठी ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’, ‘डीफॉल्ट’ हे तीन शब्द याच क्रमाने, प्रत्येकाआधी तिरपी रेघ देऊन लिहावेत.

उत्तर (जुना_सदस्य):
वरील माहितीला एक जोड देतो. आपल्या फीडांची यादी ओपीएमएल स्वरूपात (रीडर एकमेकांची यादी वाचू शकतील अशा फाइलमध्ये) उतरवून स्वतःच्या संगणकावर अवश्य ठेवा. ऑक्टोबर २००५मध्ये सुरू झालेले गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, आणि फायरफॉक्सने डिसेंबर २०१८मध्ये ६४व्या आवृत्तीतून फीडची अंगभूत सोय काढली. तरीही ज्यांच्याकडे यादी होती त्यांना ती दुसऱ्या रीडरमध्ये भरून पुढे वाचता आले. साधने अशी बदलत राहतात, पण मार्च १९९९मध्ये नेटस्केप या ब्राउझर-कंपनीने पुढे आणलेले आरएसएस हे फीडचे स्वरूप आजही चालते. कुठे अ‍ॅटम या फीडच्या दुसऱ्या स्वरूपाचे नाव दिसले तरी गोंधळू नये, कारण हे सगळे रीडर दोन्ही स्वरूपे वाचतात.

उत्तर (एक ब्लॉगलेखक):
चर्चेविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून सांगतो. वर्डप्रेसवर प्रत्येक लेखाच्या प्रतिक्रियांचे वेगळे फीड असते. त्या लेखाच्याच पत्त्यापुढे वरच्याप्रमाणे ‘फीड’ जोडले की ते मिळते. मात्र लेखांच्या फीडमध्ये सहसा शेवटचे दहाच लेख असतात, त्यामुळे जुने लेख ब्लॉगवर जाऊनच वाचावे लागतील. लेखकमित्रांनाही माझी विनंती आहे की त्यांनी वाचन-सेटिंगमध्ये सारांशाऐवजी पूर्ण मजकूर निवडावा, कारण दोन ओळींच्या सारांशातून शिलालेखाचे वाचन कसे केले आहे ते कळत नाही.

प्रश्नकर्ती (वीरगळ_वाचक):
सर्वांचे मनापासून आभार. थंडरबर्डमध्ये एकवीस ब्लॉग जोडले गेले आणि त्यांतल्या दोघांचे जूनमधले लेख मी पाहिलेच नव्हते, असे लक्षात आले. उरलेल्या चौघांची फीड उघडत नाहीत, म्हणून त्यांच्या लेखकांना आज पत्र लिहीत आहे.